सील शाबूत, पेट्या कमी: मालगाडीने जाणाऱ्या मालाला नेमके काय लावावे?

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम बघणाऱ्या ताईंनी विचारले आहे. त्यांचा कांदा हंगामात रेल्वेच्या बंद वॅगनमधून जातो. बेदाणे आणि सुकवलेला कांदा वीस फुटी कंटेनरमधून, मालगाडीने, कोलकात्याला. मागच्या खेपेला तिकडे कंटेनर उघडला तेव्हा सील जागच्या जागी होते, नंबरही जुळत होता, पण बेदाण्याच्या पेट्या कमी निघाल्या. आता एक विक्रेता ‘टॅम्पर प्रूफ’ कुलूप घ्या म्हणून मागे लागला आहे. घ्यावे का, आणि कोणते?

ताई, कुलपावर पैसे घालू नका, निदान इतक्यात तरी नको. ज्याला छेडताच येत नाही असे सील आजवर कोणी बनवलेले नाही. कुलूप चोराला उशीर करते. सीलचे काम निराळे आहे: कोणी हात घातला तर ते मागाहून कळावे, एवढेच. सील चोरी थांबवत नाही, चोरी कोणत्या टप्प्यात झाली ते दाखवते. तेही तेव्हाच, जेव्हा माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दर ठिकाणी कोणीतरी ते बघून, ओढून, नंबर वहीत उतरवलेला असतो. तुमच्या कागदांवरून दिसते की नंबर दोनदाच लिहिला गेला, इकडे सील मारताना आणि तिकडे तोडताना. मधल्या सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरमध्ये तो कोणी वाचला याची नोंद कुठेच नाही. अशा ठिकाणी महागातले कुलूप लावले तरी पुढच्या वेळी तुम्ही याच जागी येऊन उभ्या राहाल.

आता सील शाबूत असताना माल कमी कसा निघतो ते बघू. पहिली शक्यता ऐकायला आवडत नाही, पण तीच सर्वात जास्त वेळा खरी निघते: पेट्या मुळात कमीच भरल्या गेल्या. हमालांची टोळी घाईत, ट्रेलरवाला हॉर्न वाजवतोय, मोजणारा माणूस फोनवर. तुमच्या टॅली शीटवर, म्हणजे मोजणीच्या कागदावर, फक्त एकूण आकडा आणि एक सही आहे. थरागणिक मोजणी नाही, अर्धा कंटेनर भरल्यावरचा फोटो नाही. हे सुधारायला कुठलेच कुलूप लागत नाही. दुसरी शक्यता, सील दिसायला लागले पण बसलेच नाही. बोल्ट सील म्हणजे एक जाड लोखंडी पिन आणि तिच्या टोकावर बसणारे डोके. ही पिन डोक्यात ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबावी लागते. अर्धवट घुसवलेली पिन लांबून बरोबर दिसते आणि हाताने ओढली की बाहेर येते. हे कधी हलगर्जीपणाने होते, कधी मुद्दाम. तिसरी, खरे सील कापून त्याच नंबरचे नकली सील लावणे. त्यासाठी नंबर आधी कळावा लागतो, आणि तो सहसा आपणच चलनावर ठळक लिहून ड्रायव्हरच्या हाती दिलेला असतो.

चौथी शक्यता मात्र तपशिलात समजून घ्या, कारण सील शाबूत असताना नेमके हेच केले जाते. कंटेनरच्या मागच्या दाराशी एकदा टॉर्च घेऊन उभ्या राहा. दाराला दोन पल्ले असतात. उजवा पल्ला डाव्यावर चढतो, म्हणून आधी उजवा उघडल्याशिवाय डावा हलत नाही. दर पल्ल्यावर उभे लोखंडी रॉड असतात, आणि रॉडच्या दोन्ही टोकांना कॅम, जे वर-खाली चौकटीत अडकतात. रॉड फिरवायला आडवे हँडल असते, आणि हँडल दाराला टेकते तिथल्या कानात आपण सील ओवतो. आता बघा, ते हँडल रॉडला कशाने धरले आहे? एका रिव्हेटने. आणि तो कान दाराच्या पत्र्याला? तोही रिव्हेटने किंवा बोल्टने. माहीतगार चोर सीलकडे बघतसुद्धा नाही. तो ड्रिलने रिव्हेट पोखरतो, हँडल सीलसकट बाजूला करतो, रॉड पान्याने फिरवतो, पाहिजे तेवढा माल काढतो, दार लावतो आणि रिव्हेटच्या जागी बोल्ट घालून वर रंगाचा हात आणि थोडी ग्रीस-माती फासतो. सील तुमचेच, नंबर तुमचाच, माल मात्र गेलेला.

हे ओळखता येते, पण बघणारा डोळा तयार लागतो. कारखान्यातून आलेल्या रिव्हेटच्या डोक्यावर दाराइतकेच रंगाचे थर आणि दाराइतकाच गंज असतो. बदललेल्या ठिकाणी डोके वेगळ्या घाटाचे असते, कडेला ताजा रंग दिसतो, किंवा रंग नखाने खरवडला की आत चकचकीत लोखंड लागते. टॉर्च समोरून न मारता तिरपा धरा, म्हणजे पुट्टीचा उंचवटा सावलीत उठून दिसतो. हँडल वरखाली हलवून बघा. मूळ रिव्हेटला ते जाम असते, बोल्ट घातलेले बहुधा खुळखुळते. आणि ही तपासणी माल उतरवतानाच नाही, रिकामा कंटेनर तुमच्या आवारात आल्याबरोबर करा. मागच्या कुठल्यातरी खेपेत पोखरलेला रिव्हेट घेऊनच तो तुमच्याकडे आला असेल, तर तुम्ही लावलेले सील पहिल्या दिवसापासूनच निकामी. रिकाम्या कंटेनरला समोरची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारे आतून-बाहेरून आणि खालची बाजू असे सात ठिकाणी बघायची जगभर रीत आहे. आत उभे राहून दार लावून घ्यायचे. कुठून उजेड आत आला तर त्या जागेची चौकशी करायची.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे बोल्ट सीलबरोबर एक केबल सील. दोन पल्ल्यांचे एकमेकांना लागून असलेले जे आतले दोन रॉड असतात, त्यांना मिळून केबलचा वेढा घ्यायचा आणि ताणून बंद करायचा. मग हँडल काढले तरी पल्ला उघडत नाही, केबल कापावीच लागते, आणि ती कापली की दिसते. वेढा सैल ठेवलात तर उपयोग शून्य, तेवढ्या फटीतून हात सहज जातो. काही नव्या कंटेनरवर रॉडच्या तळाशी, कॅममध्येच सीलसाठी भोक दिलेले असते. ते असेल तर बोल्ट सील हँडलला न लावता तिथेच लावा.

सीलचा पहारा दारापुरताच असतो याचे मोठे उदाहरण ऑगस्ट २०१६ चे. सेलमहून चेन्नईला जाणाऱ्या एक्सप्रेसला जोडलेल्या पार्सल डब्यातून रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ३४२ कोटी रुपयांच्या जुन्या नोटा चालल्या होत्या. सोबत पोलीस होते. चोरांनी दाराला हात न लावता डब्याचे छत कापले आणि ५.७८ कोटी रुपये नेले. चेन्नईत डबा उघडल्यावर आतून आभाळ दिसले तेव्हा ते कळले. तुमच्या बेदाण्यासाठी कोणी छत कापेल असे मला वाटत नाही, पण उतरवून घेणाऱ्याने सील बघून समाधान न मानता कंटेनरभोवती एक फेरी मारावी, छताचा कोपरान् कोपरा आतून बघावा.

आता सील कोणते. बाजारात ढीगभर प्रकार आहेत, पण एक मानक लक्षात ठेवले की बराच गोंधळ मिटतो: आयएसओ १७७१२. त्यात तीन वर्ग आहेत. ‘आय’ म्हणजे नुसते दाखवणारे, प्लॅस्टिकची पट्टी किंवा पातळ पत्रा, जे हाताने किंवा साध्या पकडीने तुटते. ‘एस’ हा मधला वर्ग. ‘एच’ म्हणजे हाय सिक्युरिटी. ते तुटायला निदान १० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने एक टनाची ओढ लागते, आणि काढायला बोल्ट कटरच हवा. कंटेनरला ‘एच’ शिवाय दुसरे लावू नका. सीलवर ‘एच’ हे अक्षर कोरलेले, बनवणाऱ्याची खूण आणि नंबर असायला हवा. नंबर पिनवर आणि डोक्यावर, दोन्हीकडे एकच छापलेला असेल असे सील मागा. नाहीतर कापलेल्या सीलचे डोके ठेवून नवी पिन घालण्याची वाट मोकळी राहते. विक्रेत्याकडून चाचणीचे प्रमाणपत्र मागा. जो ‘अहो, सगळे हेच घेतात’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

प्लॅस्टिकच्या पट्टी सीलला नावे ठेवतात, पण त्याची जागा आहे. कंटेनरच्या आत, पेट्यांच्या पॅलेटवर, नमुन्याच्या डब्यांवर ते ठीक. बाहेरच्या दाराला नाही. शिशाच्या सीलचे दिवस खरे म्हणजे संपले आहेत. तार आणि शिसे पकडीने दाबून लावलेले सील पकडीनेच उलगडता येते आणि पुन्हा दाबताही येते.

निर्यातीचा माल न्हावाशेव्याला पाठवत असाल तर तिथे निवडीचा प्रश्नच नाही. स्वतःच्या आवारात कंटेनर बंद करणाऱ्या निर्यातदारांसाठी कस्टम्सने २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सीलची पद्धत आणली आहे. हे दिसायला बोल्ट सीलच, पण आत आरएफआयडी चिप, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी. सील लावल्याची तारीख-वेळ, शिपिंग बिलाचा नंबर, कंटेनरचा आणि गाडीचा नंबर असे तपशील आधी सिस्टीमवर भरायचे, आणि बंदरावर रीडरने वाचल्यावर ते जुळायला हवेत. अनेक द्राक्ष-बागायतदारांची अजून समजूत आहे की ई-सील लावले की गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसते. तसे नाही. चिपला स्वतःची बॅटरी नाही, जीपीएस नाही. रीडर जवळ नेला तरच ती बोलते. घोटीच्या पुढे ट्रेलर दोन तास का थांबला हे ई-सील सांगणार नाही.

ते सांगते जीपीएस कुलूप, आणि तुमच्या मागे लागलेला विक्रेता बहुधा तेच विकतोय. वाईट वस्तू नाही. कोलकाता आणि विशाखापट्टणम बंदरांतून नेपाळला जाणाऱ्या मालावर भारतीय कस्टम्स अशीच इलेक्ट्रॉनिक कुलपे वापरते, रेल्वेने जाणाऱ्यावरसुद्धा. केबल कापली की संदेश जातो, कुलूप पुन्हा वापरता येते. पण त्या व्यवस्थेमागे नियंत्रण कक्ष आहे, ठरलेला मार्ग आहे, कुलूप परत आणणारी यंत्रणा आहे. तुमचे कुलूप कोलकात्याहून परत कोण पाठवणार? चार्ज कोण करणार? आणि रात्री दोन वाजता तुमच्या मोबाईलवर ‘केबल तुटली’ असा संदेश आला, मालगाडी बडनेऱ्याच्या आउटरला उभी आहे, तर तुम्ही करणार काय? आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवळच्या चौकीला कळवायला हातात गाडीचा आणि वॅगनचा नंबर, कंटेनर कितवा, हे सगळे तयार लागते. ते तयार असेल तर जीपीएसचा फायदा आहे. नसेल तर तुम्हाला चोरीची बातमी लवकर कळेल, इतकेच. महागडा माल, उदाहरणार्थ वाईन किंवा इलेक्ट्रिकल सामान, नियमित एकाच मार्गाने जात असेल तर जरूर विचार करावा. महिन्याला एखाद-दुसऱ्या बेदाण्याच्या कंटेनरसाठी मी करणार नाही.

अमेरिकेत लॉस अ‍ॅलॅमॉसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे हेच काम केले: बाजारात मिळणारी सील घ्यायची आणि मागमूस न ठेवता ती उघडून दाखवायची. त्यांनी तपासलेली बहुतेक सील साध्या, सहज मिळणाऱ्या हत्यारांनी आणि थोडक्या वेळात उघडली, महागडी इलेक्ट्रॉनिकसुद्धा. सील कसे वापरता आणि तपासणाऱ्याला काय शिकवता, यावर ते किती कामाचे हे ठरते, असे ते सांगत आले. नाशिकच्या मालधक्क्यावर उभा राहिलेला कोणीही याला मान डोलावेल.

वापरायची रीत अशी ठेवा. सीलची पेटी कपाटात, किल्ली एकाच माणसाकडे, आणि कपाटातच एक वही: कोणता नंबर कोणत्या तारखेला कोणत्या कंटेनरला गेला, कोणी लावला. खराब झालेले, वाकलेले सीलसुद्धा वहीत लिहून मगच मोडायचे. कोरे सील ड्रायव्हरच्या हातात कधीही द्यायचे नाही, ‘साहेब, मीच लावतो, तुम्ही जेवून घ्या’ म्हणाला तरी. दार बंद होताना मोजणारा माणूस, ड्रायव्हर आणि सील लावणारा तिघे समोर हवेत. लावल्यावर चार गोष्टी: नीट बघायचे, नंबर कागदाशी अक्षर-अक्षर ताडायचा, जोरात ओढायचे, आणि शेवटी पिन व डोके उलट दिशांना पिळायचे. काही नकली पिनांना आटे पाडलेले असतात, त्या ओढून येत नाहीत पण पिळल्या की फिरतात. म्हणून चौथी गोष्ट टाळायची नाही.

फोटो दोन काढा. एकात कंटेनरचा पूर्ण नंबर आणि सील एकत्र दिसले पाहिजे, दुसरा सीलच्या नंबरचा जवळून. नुसता जवळचा फोटो कामाचा नाही, तो कोणत्याही कंटेनरवरचा असू शकतो. हे दोन्ही फोटो कोलकात्याच्या पार्टीला थेट तुमच्या फोनवरून पाठवा. ड्रायव्हरकडच्या चलनावर सीलचा नंबर लिहावाच लागतो, पण घेणाऱ्याने तो चलनावरून न वाचता तुमच्या फोटोशी ताडायचा. मग ज्याच्या हाती चलन आहे त्याला नकली सील बनवूनही भागत नाही, पिनेवरचा ओरखडा, डोके कोणत्या बाजूला वळलेले, हेसुद्धा जुळवावे लागते.

आता मधले टप्पे. तुमच्या आवारातून ट्रेलर टर्मिनलला जातो, तिथे फाटकावर नोंद होते, कंटेनर यार्डात पडून राहतो, मग गाडीवर चढतो. तिकडे उतरतो, पुन्हा यार्ड, पुन्हा ट्रेलर, मग गोदाम. धोका कुठे जास्त? माझ्या मते दोन टोकांच्या रस्त्यावर आणि यार्डात. चालत्या गाडीत त्या मानाने कमी, आणि त्यातही एक सोपी युक्ती आहे. एका सपाट वॅगनवर वीस फुटी दोन कंटेनर बसतात, ते दाराला दार लावून ठेवले तर मधल्या अरुंद फटीत दार उघडायला जागाच उरत नाही. मग गाडी वाटेत स्टेशनवर थांबो की सिग्नलला, फरक पडत नाही. तुमच्या ऑपरेटरला बुकिंग करताना हे लेखी मागा. एकच कंटेनर असेल तर तुमच्या हातात फार नाही, पण मागितल्याशिवाय तर कोणीच करत नाही. आणि टर्मिनलच्या फाटकावर, येताना-जाताना, सीलचा नंबर पावतीवर लिहून घ्या. नुसते ‘सील ओके’ चालणार नाही, नंबर पाहिजे. मागच्या खेपेच्या दोन पावत्यांवर हे नंबर असते तर चोरी इकडच्या रस्त्यावर, गाडीत की तिकडच्या रस्त्यावर, हे शोधायला आज मदत झाली असती.

वजनकाट्याची पावतीही दोन्हीकडे करा. खर्च किरकोळ, आणि पेट्या मोजण्यावरून वाद झाला तर तीच मदतीला येते. कंटेनरच्या दारावर रंगवलेले रिकामे वजन दुरुस्त्यांनंतर थोडे बदललेले असू शकते, म्हणून शक्य असेल तर रिकामा आणि भरलेला, दोन्ही काट्यावर घ्या. बेदाण्याचे वजन वाटेत फारसे बदलत नाही. कांद्याचे बदलते.

कांद्याकडे येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला १६०० टन कांदा ४२ वॅगनच्या गाडीने लासलगावहून दिल्लीला गेला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याला कांदा एक्सप्रेस म्हटले. म्हणजे वॅगनमागे साधारण ३८ टन, पन्नास किलोची गोणी धरली तर साडेसातशेच्या वर गोण्या. वॅगनला दोन्ही बाजूंनी दारे. धक्क्याकडच्या बाजूने माल भरतात, त्या बाजूला सगळ्यांचे लक्ष. रुळापलीकडच्या बाजूचे दार मात्र कोणी बघत नाही, आणि तेच आधी बघायला हवे. रेक, म्हणजे वॅगनची अख्खी गाडी, लागल्याबरोबर, पहिली गोणी चढायच्या आत, मुकादमाला घेऊन पलीकडे जा, दार नीट बसले आहे का, कडी वाकलेली आहे का, पत्रा कुठे फाटला आहे का ते बघा, आणि ते दार तेव्हाच बांधून सील करून घ्या. भरून झाल्यावर पलीकडे जायला वेळ नसतो, डेमरेजचे, म्हणजे वॅगन अडकवून ठेवल्याच्या दंडाचे, घड्याळ चालू असते. सील रेल्वेचे असते. तुमचे स्वतःचे केबल सील जोडीला लावायचे असेल तर धक्क्यावरच्या गुड्स सुपरवायझरशी आधी बोलून घ्या.

कांद्यात आणखी एक अडचण. बंद वॅगनमध्ये चार-पाच दिवसांत घट येते, सड येते, गोणी हलकी होते. त्यामुळे वजन कमी भरले म्हणून चोरीचा दावा केलात तर समोरचा घट दाखवून मोकळा होतो. इथे नग मोजा. बाजार समितीतून आलेल्या मापाऱ्याच्या पावतीवर विसंबू नका, वॅगनच्या दाराशी स्वतंत्र मोजणी आणि वॅगन नंबरवार कागद ठेवा. उतरवतानाही वॅगनवार मोजणी. अख्ख्या रेकची एकत्र तूट सांगितली तर कोणते सील संशयाचे, हे कधीच ठरत नाही.

उरला दाव्याचा भाग. वॅगनलोडच्या रेल्वे रिसीटवर ‘सेड टू कंटेन’ असा शेरा असतो. म्हणजे माल तुम्ही सांगितला तेवढा, रेल्वेने मोजलेला नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६५ नुसार अशा वेळी वजन आणि नग सिद्ध करण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावर येते. तुमची टॅली शीट, फोटो, काट्याच्या पावत्या यांना इथे किंमत येते. माल पोचला आणि सील तुटलेले, बदललेले किंवा छेडल्याच्या खुणा असलेले दिसले तर उतरवायला सुरुवात करू नका. कलम ८१ खाली ओपन डिलिव्हरी मागा. रेल्वेच्या माणसासमोर मोजणी होते आणि कागद तयार होतो. एकदा ‘माल बरोबर मिळाला’ म्हणून सही केली की पुढचे सगळे अवघड. नुकसानभरपाईची नोटीस कलम १०६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते, आणि हे सहा महिने माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून मोजतात, डिलिव्हरीपासून नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात.

कंटेनरचे प्रकरण थोडे वेगळे आहे. तिथे रेल्वेचा करार कंटेनर ऑपरेटरशी आणि तुमचा ऑपरेटरशी असतो, त्यामुळे पत्र आधी ऑपरेटरला आणि ट्रेलरवाल्याला, तारखेसह, पोच घेऊन. मागच्या खेपेचे सील कोलकात्याच्या गोदामात अजून असेल तर आजच फोन करा: पिन आणि डोके दोन्ही तुकडे पिशवीत घालून ठेवायचे, कचऱ्यात टाकायचे नाहीत. त्या कंटेनरचा नंबर देऊन ऑपरेटरला विचारा की तो आता कुठे आहे, आणि दाराच्या हँडलच्या रिव्हेटचे फोटो मागा. बोल्ट घातलेला निघाला तर तुमचे अर्धे काम झाले.

वॅगनने महागडा माल पाठवायचा विचार कधी केलात तर एक आकडा ध्यानात ठेवा. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर रेल्वेच्या भरपाईची मर्यादा किलोला ५० रुपये आहे. कांद्याला ते बहुतेक वर्षी पुरते. बेदाण्याला नाही.

आणि विमा. तुमची मालवाहतुकीची पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरातली अपवादांची यादी वाचा. अनेक पॉलिसींत असे कलम असते की मूळ सील शाबूत असलेल्या कंटेनरमधली तूट भरपाईत धरली जाणार नाही. म्हणजे तुमच्यावर आलेला प्रसंग नेमका विम्याच्या बाहेर. एजंटकडे हे कलम काढून घेण्याची किंवा जादा हप्ता भरून तेवढी जोखीम घेण्याची मागणी करा, आणि तो ‘हो हो, होतं ते’ म्हणाला तर पॉलिसीवर तशी पुरवणी चिकटवून मगच पुढच्या कंटेनरचे बुकिंग करा. त्या हप्त्याचा आणि विक्रेत्याच्या कुलपाचा खर्च शेजारी मांडून बघा. मला विचाराल तर मी हप्ता भरेन, दर कंटेनरला एक ‘एच’ वर्गाचे बोल्ट सील आणि एक केबल सील लावेन, आणि उरलेल्या पैशात धक्क्यावर उभा राहून मोजणारा एक भरवशाचा माणूस ठेवेन.